साधं की पॉवर? सुरतेतल्या बाइकवाल्यांसाठी पेट्रोलचा हिशेब

बाइकला कोणतं पेट्रोल लागतं, हे कंपनीने गाडीबरोबरच लिहून दिलेलं असतं. आरसी आणि विम्याच्या कागदांसोबत फाइलीत पडून असलेलं ओनर्स मॅन्युअल एकदा बाहेर काढा आणि त्यात ‘फ्यूल’ची नोंद शोधा. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा, गोडादरा या भागांत घरांपुढे ज्या गाड्या उभ्या दिसतात, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, पल्सर, बुलेट, त्यांतल्या जवळपास सगळ्यांना साधं अनलेडेड पेट्रोल पुरतं. तरीही पंपावर ‘पॉवर टाकू का?’, म्हणजे महागडं प्रीमियम पेट्रोल भरू का, असं विचारलं की अनेकांची मान आपोआप हलते. गाडीचे लाड केल्याचं समाधान मिळतं, पण बहुतेक वेळा तेवढंच मिळतं.

सुरतेत बाइकला पेट्रोलचा जो त्रास होतो, त्यात ऑक्टेनचा हात क्वचितच असतो. टाकीत शिरलेलं पाणी, महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल, जुन्या गाडीतले कडक झालेले पाइप आणि दुकानदाराने गळ्यात मारलेली बाटली, हीच खरी कारणं. म्हणून आधी ऑक्टेनचा निकाल लावू आणि मग या चौघांकडे वळू.

ऑक्टेन म्हणजे नेमकं काय

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि ठरलेल्या क्षणी प्लगची ठिणगी ते पेटवते. दाब आणि उष्णता फार वाढली, तर ठिणगीनंतर उरलेल्या मिश्रणाचा काही भाग आगीची वाट न बघता स्वतःच भडकतो. त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर, वरच्या गिअरमध्ये, जड गाडी ओढताना इंजिनातून टिणटिण किंवा कडकड आवाज येतो, तो हाच. तो दीर्घकाळ चालू राहिला तर पिस्टनला धोका असतो.

पेट्रोल असं अवेळी न भडकता किती दाब सोसू शकतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी ठरवली आहे. या आकड्याचा पेट्रोलमधल्या ऊर्जेशी थेट संबंध नाही. ९१वर नीट चालणाऱ्या इंजिनात ९९ ऑक्टेनचं पेट्रोल घालणं म्हणजे नंबर नसलेल्या डोळ्याला चष्मा लावण्यासारखं आहे. त्याने दृष्टी वाढत नाही.

महागड्या मोटारींत नॉक सेन्सर असतो. चांगलं पेट्रोल मिळालं की तो कॉम्प्युटरला कळवतो, ठिणगीची वेळ बदलते आणि थोडी ताकद वाढते. आपल्या शंभर ते दोनशे सीसीच्या बाइकमध्ये सहसा ही सोय नसते. त्यामुळे टाकीत ९५ आहे की ९९, हे इंजिनाला समजतच नाही.

आपल्या पंपावर काय मिळतं

भारत स्टेज-२च्या काळात साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ८८ होतं. पुढे ते ९१ झालं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ इंधन आलं, तेव्हा किमान ९१ कायम राहिलं आणि गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १०वर उतरलं. त्यानंतर इथेनॉलचं मिश्रण वाढत गेलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८च्या आसपास असतं, त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलचं ऑक्टेन ९५पर्यंत पोचल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ साली जाहीर केलं. म्हणजे ९५च्या नावाने आपण लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजतो, तेव्हा साध्या नोझलमधून येणारं पेट्रोलही त्या आकड्याच्या जवळ पोचलेलं असतं.

प्रीमियममध्ये इंडियन ऑइलचं एक्सपी-९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर, भारत पेट्रोलियमचं स्पीड हे प्रकार आहेत. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-१०० आणलं. १०० ऑक्टेनच्या या वर्गाचा दर साध्या पेट्रोलच्या दीडपटीहून अधिक आहे आणि ते मोजक्याच पंपांवर मिळतं. ‘इथेनॉल नको म्हणून प्रीमियम घालतो’ असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. पण ९५च्या पेट्रोलमध्येही इथेनॉल मिसळलेलं असू शकतं, तेव्हा जादा पैसे देण्याआधी पंपावर विचारून घ्या.

मग ९५ किंवा त्यावरचं पेट्रोल कुणाला लागतं? ज्याच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं आहे त्याला. साधारणपणे ही मोठी, जास्त कॉम्प्रेशनची, म्हणजे मिश्रण जास्त दाबणारी स्पोर्ट्स बाइक असते. कावासाकी झेडएक्स-१०आरचा कॉम्प्रेशन रेशो १३ला १ आहे. नुसता रेशो बघून मात्र निर्णय घेऊ नका. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चा रेशो ९.५ला १ आणि यामाहा आर-१५चा ११.६ला १. तरी दुसरीला पाण्याचं कूलिंग, चार व्हॉल्व्ह आणि फ्यूल इंजेक्शन असल्यामुळे तीही साध्या पेट्रोलवर बिनतक्रार चालते.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून गोंधळणारेही बरेच आहेत. तिथल्या पंपावर लिहिलेलं ८७ वेगळ्या पद्धतीने काढलेलं असतं. ते आपल्या मोजणीत ९१च्या आसपास भरतं. त्यामुळे ‘अमेरिकेत ९३ घालतात’ हे वाक्य इथे उपयोगाचं नाही.

इंजिन आवाज करतंय, मग काय करायचं

आधी आवाज ओळखा. गाडी जागेवर उभी असतानाही टकटक येत असेल, तर टॅपेट किंवा टायमिंग चेनकडे बघावं लागेल. पेट्रोल बदलून ते थांबणार नाही. नॉकिंगचा आवाज ओझ्याखालीच येतो. उन्हाळ्यात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन माणसं आणि सामान घेऊन महाराष्ट्रातल्या गावी निघालात आणि विसरवाडीनंतर कोंडाईबारी घाट लागल्यावर वरच्याच गिअरमध्ये गाडी रेटलीत, तर बिचारी ओरडणारच. एक गिअर खाली टाका, इंजिन मोकळं फिरू द्या. बहुतेक वेळा आवाज तिथेच थांबतो आणि पैसाही लागत नाही.

गिअर उतरवूनही थांबला नाही, तर एक टाकी दुसऱ्या, गर्दी असलेल्या पंपावरून भरून पाहा. फरक पडला तर आधीच्या पेट्रोलवर शंका घ्यायला जागा आहे. त्यात रॉकेल मिसळलं असेल तर ऑक्टेन झपाट्याने उतरतं. तरीही फरक पडला नाही तर एकदा जास्त ऑक्टेनचं प्रीमियम घालून बघा. तेव्हा आवाज गेला, तर ‘आता कायम हेच घालायचं’ असा निष्कर्ष काढू नका. ९१वर चालणारी गाडी जास्त ऑक्टेन मागू लागली, म्हणजे आत काहीतरी बिघडलं आहे: पिस्टनवर कार्बन साचला असेल, मिश्रण पातळ झालं असेल, टायमिंग चुकलं असेल किंवा ऑइल कमी झालं असेल.

मेकॅनिकला प्लग काढायला सांगा आणि स्वतः बघा. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे आणि इंजिन तापतंय. सुरतेत पॉवरलूम आणि कापडबाजाराच्या भागात हवेत उडणारा कापसाचा भुसा आणि धूळ एअर फिल्टरवर लवकर बसते, तेव्हा तो साफ करायची पाळी इतरांपेक्षा आधी येते.

इथेनॉल: भीती किती, काळजी किती

१ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या बहुतेक गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग ई-२० सोसतील असे आहेत. टाकीच्या झाकणाजवळ ई-२०चं स्टिकर असतं. त्याआधीच्या गाडीला काळजी लागते, पण ती उद्याच बंद पडेल असं नाही. नीति आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात, ई-१०वर ट्यून केलेल्या दुचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-२०वर ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. ६० देणारी गाडी ५८ देईल. चाळीसवर आली असेल तर दोष इथेनॉलवर ढकलू नका, गाडी तपासा. अ‍ॅव्हरेज मोजायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर आणि दोन-तीन टाक्यांची सरासरी काढून. काटा बघून काढलेल्या आकड्यावर भांडणात अर्थ नाही.

जुन्या गाडीत बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत: पेट्रोलचा पाइप, कार्बोरेटरच्या वाटीचं गॅस्केट, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक आणि टाकीचा तळ. पाइप दाबल्यावर चिरा दिसल्या, किंवा कडक वा फुगलेला वाटला, तर ई-२०ला चालणारा नवा पाइप टाका. खर्च थोडा, आणि गळणाऱ्या पेट्रोलने पेट घेण्याचा धोका टळतो.

पाणी, हा सुरतेतला मोठा शत्रू

व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रयोग फिरत असतो. पारदर्शक बाटलीत पेट्रोल घेतात, त्यात पाणी घालून हलवतात. थोड्या वेळाने खाली पाण्याचा थर बसतो आणि तो ओतलेल्या पाण्यापेक्षा बराच जास्त दिसतो. ‘बघा, पंपवाल्याने पाणी मिसळलं!’ असा गजर होतो. वास्तविक १०० मिलि ई-२०मध्ये २० मिलि पाणी घातलं, तर त्यातलं साधारण २० मिलि इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा थर ४०च्या जवळ दिसतो. या प्रयोगाने भेसळ सिद्ध होत नाही.

पण आपल्या टाकीत काय घडू शकतं, ते त्यातून नेमकं कळतं. थोडीशी ओल इथेनॉल सामावून घेतं आणि ती पेट्रोलबरोबर जळून जाते. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल त्याला बिलगून तळाशी बसतं. पेट्रोलचा नळ तळाजवळ असतो, म्हणून इंजिनाकडे आधी तेच मिश्रण जातं. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही इथेनॉल गेल्यामुळे उतरतं. सकाळी गाडी चालू होत नाही, झाली तर झटके देते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

टाकीत पाणी शिरतं कुठून? झाकणाभोवतीच्या खोलगट जागेकडे निरखून बघा. तिथे एक बारीक छिद्र असतं. त्यातून पावसाचं पाणी नळीवाटे गाडीखाली निघून जातं. धूळ, भुसा आणि जुनी चिकट घाण यांनी ते बुजलं की पाणी तळ्यासारखं साचतं आणि झाकणाचं रबर झिजलेलं असेल तर थेंब थेंब आत उतरतं. मे अखेरीस त्या छिद्रात हवा मारून घ्या, वरून थोडं पाणी ओतून ते खाली पडतंय का बघा आणि झाकणाचं रबर सैल असेल तर बदला. पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर हे काम टाळू नका.

खाडीपुराचा मामला वेगळा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचं जवळपास सगळं शहर बुडालं, ते विसरता येणार नाही. पण मीठी खाडीच्या काठच्या लिंबायत-पर्वत पाटिया भागात दरवर्षीच पाणी चढायची धास्ती असते. गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर सेल्फ मारू नका, किकही नको. बॅटरीची वायर सोडा, टाकी पूर्ण रिकामी करा. काढलेलं पेट्रोल पारदर्शक भांड्यात घेतलं तर दोन थर स्वच्छ दिसतात. ते पुन्हा वापरू नका आणि गटारातही ओतू नका. इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल तर बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. एअर फिल्टर, कार्बोरेटर, प्लग ही कामं मेकॅनिककडून करून घ्या. पुराच्या दोन-चार दिवसांत पेट्रोल भरायचं झालं तर पाण्याखाली न गेलेल्या, उंचावरच्या पंपावर जा. पंपाची टाकीही जमिनीखालीच असते.

पडून राहिलेलं पेट्रोल

दिवाळीत कापडबाजार आणि हिऱ्यांचे कारखाने बंद झाले की आपली माणसं गावी जातात आणि गाडी महिनाभर झाकून ठेवली जाते. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्यात डिंकासारखा चिकटपणा येतो आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेबरोबर ओल शिरते. जायच्या आधी टाकी काठोकाठ न भरता, पण बऱ्यापैकी भरून ठेवा. कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून ती आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. तीन-चार महिने गाडी बंद राहणार असेल, तरच फ्यूल स्टॅबिलायझरचा खर्च योग्य.

गावी बाइकनेच जाणार असाल तर भरण्याची जागा ठरवून ठेवा. गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या दरात लिटरमागे सुमारे दहा रुपयांचा फरक पडतो, म्हणून नवापूरच्या अलीकडे, सोनगढ-उच्छलच्या बाजूला टाकी फुल करण्याची रीत बरोबरच आहे. परतीला साक्री किंवा विसरवाडीला गरजेपुरतं भरा. पण त्या दहा रुपयांसाठी प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून न्यायचा विचार करू नका. ते धोक्याचं आहे, आणि पंपवाल्याने नाही म्हटलं तर तो नियमानेच वागतोय.

बाटल्यांचं दुकान

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर रंगीत बाटल्यांची रांग असते. त्यांची सरळ वर्गवारी अशी:

* क्लीनर: पॉलिइथर अमीन असलेला क्लीनर इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा मळ खरोखर काढतो. फ्यूल इंजेक्शनची, बरीच चाललेली, पिकअप मंदावलेली गाडी असेल तर ऑइल बदलायच्या जरा आधी, भरलेल्या टाकीत लेबलवर लिहिलेल्या मापाने टाका. प्रत्येक टाकीत घालायची गरज नाही. कार्बोरेटर असेल तर तो उघडून साफ केलेलाच बरा.
* ऑक्टेन बूस्टर: ‘पाच पॉइंट वाढ’ लिहिलं असलं तरी या धंद्यात एक पॉइंट म्हणजे बहुतेकदा ऑक्टेनचा दशांश, ९१चं ९६ होत नाही, ९१.५ होतं. काहींत मॅंगनीज किंवा लोहाची संयुगं असतात, ती प्लगवर तांबूस थर चढवतात आणि बीएस-६ गाडीचा ऑक्सिजन सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकतात. टाळा.
* पाणी काढणारी बाटली: त्यात सहसा अल्कोहोल असतं. आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के आहेच. जास्त पाणी असेल तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.
* शिशाचा पर्याय: देशभर शिसेविरहित पेट्रोल २०००च्या सुरुवातीपासून आहे. त्यानंतरच्या गाडीला हे लागत नाही.
* घरगुती उपाय: कापूर, डांबराच्या गोळ्या, रॉकेल, फोर-स्ट्रोकमध्ये टू-टी ऑइल. पहिल्या दोन गोष्टी पेट्रोल उडालं की मागे राहून जेट बुजवतात. बाकीच्या दोन ऑक्टेन उतरवतात आणि धूर वाढवतात. यांतलं काहीच नको. टू-टी ऑइल आरएक्स-१००सारख्या टू-स्ट्रोकचं खाद्य आहे, तिथे ते ठरल्या मापाने हवंच.

पंपावरचा हक्क

संशय आला तर कुरकुर करत निघून जाऊ नका. फिल्टर पेपर मागा: नोझलच्या तोंडाचा थेंब त्यावर पडून उडाला आणि मागे डाग राहिला नाही, तर ठीक. घनता मागा: १५ अंश तापमानाला ती घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असते, आणि पंपाने नोंदवलेल्या आकड्यात व प्रत्यक्ष मोजणीत ३ किलोहून जास्त फरक असू नये. मापाचा संशय असेल तर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप मागा. टँकर उतरत असताना थांबा किंवा पुढच्या पंपावर जा, कारण तळातला गाळ तेव्हा ढवळलेला असतो. पावती घ्या, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

शेवटचा हिशेब

महिन्याला १५ लिटर पेट्रोल लागत असेल आणि प्रीमियमला लिटरमागे ८ रुपये जास्त जात असतील, तर वर्षाला १,४४० रुपये जातात. तेवढ्या पैशात साध्या कम्यूटर बाइकचे दोन ऑइल चेंज, एक प्लग आणि एअर फिल्टर साधारण निघून येतात, आणि गाडीला त्याचा उपयोग प्रीमियम पेट्रोलपेक्षा किती तरी जास्त होतो. मॅन्युअल ९५ सांगत असेल तर ९५च घाला, तिथे काटकसर नको. बाकीच्यांनी गर्दीच्या पंपावरचं साधं पेट्रोल भरावं, मेमध्ये टाकीचं छिद्र मोकळं करावं, वर्षातून एकदा पाइप तपासावा आणि वाचलेले पैसे सर्व्हिसिंगला ठेवावेत.